शाळेची घंटा सातला की नऊला? पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेचे वर्ष

पाटीपेन्सिल :

नमस्कार. माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत दुसरीत शिकते आणि या जूनपासून मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांची प्रतिनिधी आहे. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. येत्या शनिवारी समितीची बैठक आहे आणि तिच्यापुढे शाळेच्या वेळेचा विषय आहे. त्यावर मत देण्यापूर्वी शाळेचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो ते लिहून काढावे आणि इतरांच्या शाळांत काय चालते ते विचारावे, असे वाटले.

पार्श्वभूमी अशी. फेब्रुवारी २०२४ मधील शासन निर्णयानुसार पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते आणि तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या अखेरीस तशी सूचना जाहीरपणे केली होती. निर्णय मुलांच्या हिताचा आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र आमची इमारत एक आहे आणि शाळा दोन आहेत. सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक, ही या भागातली जुनी रीत. पूर्वी आमची मुले सात वीसला येत, पावणेबाराला घरी जात आणि बारा वाजता मोठी मुले त्याच वर्गांत येऊन बसत. आता प्राथमिक शाळा नऊ ते दीड चालते, माध्यमिक शाळा सव्वाबाराला सुरू होते आणि मधला सव्वा तास दोन्ही शाळा एकमेकींच्या अंगावर येतात. त्या वेळात पहिली आणि दुसरी व्हरांड्यात, तिसरी प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत आणि चौथी मैदानातल्या कडुलिंबाखाली बसते. जुलै-ऑगस्टमध्ये हे खपून गेले. फेब्रुवारी सरत आला की कडुलिंबाची पाने गळतात आणि ऊन मुलांच्या वह्यांवर येते.

दिवसाचा क्रम बहुतेक सर्व शाळांसारखाच आहे. नऊला घंटा, मग परिपाठ : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या, दिनविशेष, एखादी गोष्ट आणि शेवटी दोन मिनिटांचे मौन. बातमी सांगण्याची पाळी आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली असते. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने वर्तमानपत्र बाजूला ठेवून ‘आज आमच्या गल्लीत पाणी आले’ एवढीच बातमी सांगितली. बाईंनी तिला बसवले नाही. उलट पाणी किती वाजता आले आणि किती वेळ होते, हे विचारून तिच्याकडून आणखी दोन वाक्ये काढून घेतली. त्यानंतर हजेरी, भाषा, गणित, अकराच्या सुमारास पोषण आहार आणि पुढे परिसर अभ्यास, कार्यानुभव, खेळ. आहार बाहेरून डब्यांत येतो. नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी असते त्या घरातली मुले भातावर किती मनापासून तुटून पडतात, हे पाहण्यासारखे आहे. डाळीच्या आमटीत भाजी दिसली की मात्र ती बोटाने ताटाच्या कडेला सरकवली जाते.

माझी खरी अडचण नऊच्या आधीच्या दीड तासाची आहे. यंत्रमागावर जाणारे वडील साडेसातला घराबाहेर पडतात. पूर्वी तेच मुलाला शाळेत सोडत. विड्या वळणाऱ्या आया घरीच काम करतात, म्हणून त्या मोकळ्या असतात, असा काही जणांचा समज आहे. हजार विड्यांचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांचा तो होणार नाही. वळलेला माल सकाळी कारखान्यात नेऊन द्यायचा, तपासणीत बाद होऊन बाजूला पडणाऱ्या विड्यांकडे पाहत उभे राहायचे, दुसऱ्या दिवसाचे पान आणि तंबाखू घेऊन यायचे, घरी आल्यावर पाने भिजवून कातरायला बसायचे, आणि या सगळ्यात मूल कुठे आहे हे पाहायला दुसरे कोणी घरात नसते. परिणामी आठ वाजल्यापासून पंधरा-वीस मुले बंद फाटकाबाहेर रस्त्यावर खेळत असतात. त्या रस्त्यावरून मालाचे टेम्पो जातात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिलीच्या मुलांचे सकाळचे रडणे कमी झाले आहे, मुले काहीतरी खाऊन येतात आणि परिपाठात चक्कर येऊन खाली बसणारे मूल या वर्षी मी पाहिलेले नाही. म्हणून ‘पूर्वीची वेळ परत आणा’ असे म्हणण्यास माझे मन तयार होत नाही. आपल्या शाळांनी यावर काय केले आहे?

धोटा :

ताई, आपण लिहिलेले बरोबर आहे, पण यंत्रमाग कामगारांविषयी थोडी भर घालतो. मी रात्रपाळी करतो आणि सकाळी आठला सुटतो. सात वीसची शाळा असताना आठवड्यातले सहा दिवस माझी आणि माझ्या मुलाची भेट होत नसे. मी घरी यायचो तेव्हा तो शाळेत आणि तो घरी यायचा तेव्हा मी झोपलेला. आता मी आठला सुटून घरी येतो, त्याच्याबरोबर चहा घेतो आणि त्याला शाळेत सोडून मग झोपतो. आमच्या कारखान्यात दिवसपाळीच्या लोकांचे मत नेमके याच्या उलट आहे. तेव्हा ‘कामगार पालकांना नऊची वेळ गैरसोयीची’ असे सरसकट बैठकीत मांडू नये, एवढीच विनंती.

आणखी एक गोष्ट वेळेशीच जोडलेली आहे. गृहपाठ मोबाईलवर येतो. आमच्या घरात मोबाईल एकच आहे आणि तो माझ्याबरोबर मागावर असतो. रात्री आठला पाळीवर जाताना मी तो घेऊन जातो, म्हणजे मुलाला गृहपाठ दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी. बाईंनी तो फळ्यावरही लिहून द्यावा, असे मी दोनदा सुचवले. पहिल्या आठवड्यात लिहिला गेला, पुढे राहिला.

खडू :

मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळांत शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे याच भागात गेली. वेळेच्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटात असते, असे माझे मत आहे. हजेरीपटाची उभी ओळ म्हणजे एक दिवस. ज्या दिवशी एकाच पेठेतील आठ-दहा मुलांच्या नावांपुढे एकदम गैरहजेरी लागते त्या दिवशी त्या पेठेत नळाला पाणी आलेले असते. चार-पाच दिवसांनी येणारे पाणी कोणत्या वेळी येईल ते सांगता येत नाही, आणि घागरी, पिंपे, हंडे भरायला घरातले प्रत्येक माणूस लागते, सहा वर्षांचेही. उजनी धरणातून शहराला पाणी आणणारी समांतर जलवाहिनी पूर्ण व्हावी म्हणून शहराने किती वाट पाहिली, ते आपण सर्व जाणतो. शाळेच्या हजेरीपटानेही तितकीच वाट पाहिली आहे. सातच्या शाळेत पाण्याच्या दिवशी मूल येतच नसे, कारण एकदा वेळ टळली की दिवस गेला. नऊच्या शाळेत ते पाणी भरून, ओल्या कपड्यांनिशी का होईना, दहाला तरी येते. अशा मुलाला दारात उभे करू नये, एवढा ठराव समितीने करून घ्यावा.

दुसरी लांब रांग जानेवारीत दिसते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक, संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा अक्षता सोहळा, होम आणि नंतर गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले, पाळणे, यांपुढे कोणताही पाठ टिकत नाही. मी त्या आठवड्यात नवीन घटक घेत नसे. मुलांना सात नंदीध्वज मोजायला लावायचे, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची संख्या दशक-एककात मांडायची, गड्ड्यावर दहा रुपयांत काय काय आले ते लिहायचे. १२ जानेवारीच्या परिपाठात तर दिनविशेषाला जागाच पुरत नाही. राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती राज्यभर सर्वत्र सांगितली जाते, पण सोलापूरच्या शाळेत त्याच दिवशी १९३१ साली येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांची नावे घेतल्याशिवाय परिपाठ संपत नाही, संपू नये. चौथीच्या मुलांना ही चार नावे एका दमात पाठ म्हणता येतात. त्या चार नावांत सोलापूरच्या किती पेठा आणि किती घरे आली, हे त्यांना नंतर कधीतरी समजते.

परिपाठ मी मुद्दाम काढला. वेळ अपुरी पडू लागली की मुख्याध्यापक प्रथम परिपाठाला कात्री लावतात. आपल्या भागात ती चूक महागात पडते. पहिलीत येणारी अनेक मुले घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी. वर्गात एकाच तहानेला चार शब्द असतात : पाणी, नीळ्ळु, नीरु आणि पानी. एका नवीन शिक्षिकेच्या वर्गात एक मुलगा ‘नीळ्ळु, नीळ्ळु’ म्हणत रडत होता आणि बाई बराच वेळ ‘निळू कोण? त्याने तुला मारले का?’ असे विचारत राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने उठून त्याला तांब्या दिला. अशा मुलांचा मराठीचा पहिला पाठ पुस्तकात नसतो. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, सर्वांबरोबर मोठ्याने म्हणायची प्रतिज्ञा आणि कोणीतरी सांगितलेली एका ओळीची बातमी, हाच तो पाठ असतो. मराठी त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. एप्रिल २०२५ मध्ये हिंदीही पहिलीपासून सक्तीची करण्याचा निर्णय निघाला तेव्हा आमच्या मुलांच्या दृष्टीने ती तिसरी नव्हे, चौथी भाषा ठरत होती. जूनच्या अखेरीस त्याविषयीचे शासन निर्णय मागे घेतले गेले, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

जुळेकर :

मी जुळे सोलापुरात राहतो आणि माझी दोन्ही मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. नियम झाल्यावर आमच्या शाळेनेही लहान वर्ग नऊला आणि मोठे वर्ग साडेसातला केले. परिणाम असा की पूर्वी दोन्ही मुलांसाठी एकच व्हॅन होती. आता तिच्या दोन फेऱ्या होतात आणि भाडे दोन्ही फेऱ्यांचे द्यावे लागते. तरीही माझ्या मते नियम झाला की तो पाळावा. प्रत्येक शाळेने आपल्या पालकांच्या सोयीने वेळ ठरवली तर नियमाला अर्थ राहणार नाही. फाटकाबाहेरच्या मुलांची जबाबदारी शाळेची कशी, हेही मला नीटसे समजले नाही. ती पालकांची आहे.

पाटीपेन्सिल :

जुळेकर, आपल्या शेवटच्या वाक्यावर आमच्या समितीतही वाद झाला. कायद्याच्या भाषेत आपण बरोबर असाल. पण शिक्षण हक्क कायद्यानेच व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद केली आहे; म्हणजे फाटकाच्या आत निर्णय घेणारे आणि फाटकाबाहेर मूल सोडून जाणारे बहुतांशी एकच आहेत. त्यामुळे जबाबदारी कोणाची, या प्रश्नापेक्षा आठ वाजता फाटक कोण उघडेल, हा प्रश्न आम्हाला जवळचा वाटतो. आपण व्हॅनच्या दोन भाड्यांचे लिहिलेत, ते मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. आमच्याकडे मोठी बहीण धाकट्याला हात धरून आणत असे. ती पाचवीत गेली, तिची शाळा दुपारची झाली आणि धाकट्याचा हात सुटला.

खडूबाई, ओल्या कपड्यांच्या मुलाविषयीचा ठराव मी नक्की मांडते.

सीनाकाठ :

मी माढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. उन्हाळा सोडला तर आमच्याकडे शाळा दहा वाजल्यानंतरच भरते, त्यामुळे नऊच्या नियमाने आमचे काही बदलले नाही. मात्र बैठकीत उपयोगी पडेल असा एक हिशेब देतो, कारण वेळेवरच्या चर्चेत तासांचा हिशेब कोणी मांडत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. ताई, आपली शाळा नऊ ते दीड, म्हणजे साडेचार तासांची आहे. त्यातून परिपाठाची वीस आणि जेवणाची पंचवीस मिनिटे वजा केली तर पावणेचार तास उरतात. या गतीने ८०० तास भरायला २१४ दिवस लागतील, आणि हेही शनिवार पूर्ण वेळेचे धरले तर. त्यातही शेवटचा सव्वा तास व्हरांड्यात आणि झाडाखाली जात असेल तर त्याला अध्यापन कितपत म्हणायचे, हे आपणच ठरवा. उन्हाळ्यात प्रश्न आणखी अवघड होतो. मार्च २०२५ मध्ये उष्णतेमुळे राज्यातील प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा भरवण्याची सूचना आली होती. त्या सव्वाचार तासांतून तीच पंचेचाळीस मिनिटे काढली की साडेतीन तास उरतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, जेव्हा पारा चाळीसच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या वर्गात साडेदहानंतर उभे राहवत नाही, तेव्हा यापेक्षा अधिक मागणे मला तरी योग्य वाटत नाही. म्हणून उन्हाळ्यात कमी पडणारे तास जून ते जानेवारीतच कमवून ठेवले पाहिजेत. आपल्या शाळेत नेमके तेच तास दोन शाळांच्या गर्दीत वाया जात आहेत. माझ्या मते बैठकीचा खरा विषय सात की नऊ हा नसून सव्वाबारा ते दीड हा आहे.

तास कमवून ठेवणे किती बेभरवशाचे असते, ते आम्ही या वर्षी अनुभवले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीनेला महापूर आला. आमच्या शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होते. शाळा उंचावर आहे, म्हणून नदीकाठच्या वस्तीतील कुटुंबे वर्गांतच राहिली. ज्या फळ्यावर मी शुक्रवारी वजाबाकी लिहिली होती त्याच्याखाली सोमवारी चूल मांडलेली होती आणि वजाबाकी तशीच होती. पाणी ओसरल्यावर पहिले काही दिवस मुलांनी भिजलेली पुस्तके अंगणात पान-पान उलटून वाळवली. चिकटलेली पाने सुटी करताना एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, पुस्तक वाळले की पुन्हा तेवढेच होईल का?’ ते होत नाही. फुगते आणि दप्तरात मावत नाही. सोलापुरातील काही शाळांच्या मुलांनी आमच्याकडे कोऱ्या वह्या पाठवल्या होत्या. बहुतेक वह्यांच्या पहिल्या पानावर पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव घालून नंतर ते खोडले होते.

जाता जाता धोटा यांच्या मोबाईलविषयी. आमच्याच तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामासाठी. मला त्याचा अभिमान आहे आणि मी ते कोड वापरतो. पण ते वर्गात, माझ्या मोबाईलवर, सर्वांना एकत्र बसवून. घरच्या मोबाईलवर विसंबून गृहपाठ देणे मी बंद केले आहे.

तेंदूपान :

बराच वेळ लिहू की नको असा विचार करत होते. माझी आई आजही विड्या वळते. मी तिसरीत असताना सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तिच्या विड्यांची तोंडे बंद करायला बसत असे. बोटांना तंबाखूचा वास राहायचा आणि बाई हात धुऊन यायला सांगायच्या. सातच्या शाळेमुळे ते काम टळले असते असे नाही. मी पाचला उठत होते, इतकेच. नऊच्या शाळेमुळे आज एखाद्या मुलीकडून दीड तास अधिक काम करून घेतले जाते का, हे समितीने एकदा पाहावे. फाटकाबाहेर खेळणारी मुले निदान दिसतात. घरात बसलेली दिसत नाहीत, आणि त्या बहुधा मुली असतात.

दुसरी गोष्ट कुंभारीची. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या रे नगर या कामगार वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण झाले आणि आमच्या गल्लीतील चार कुटुंबे तिकडे राहायला गेली. स्वतःचे घर झाले याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या काढल्यावर तो ज्याचा त्यालाच कळतो. माझी बहीणही गेली. तिने मुलाला मात्र जुन्याच शाळेत ठेवले आहे, कारण त्याच्या बाई तेलुगू समजून घेतात आणि त्याला वाचता येऊ लागले ते त्यांच्यामुळे. तो आजीकडे येणाऱ्या मामाबरोबर अक्कलकोट रस्त्याने पावणेआठला निघतो. त्याच्यासाठी सातची शाळा म्हणजे शाळा सुटणे. अशी मुले प्रत्येक वर्गात दोन-तीन तरी असतील. त्यांची नावे पटावरून जायला वेळ लागणार नाही आणि पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, हे आपण सर्व जाणतो.

धोटा :

तेंदूपान ताई, मुलींविषयी आपण लिहिलेले वाचून मी आज घरी विचारले. माझी मुलगी चौथीत आहे. ती सकाळी काय करते, हे मला माहीत नव्हते. मी मुलाबरोबर चहा घेत होतो तेव्हा ती आत पाने कातरत होती.

जुळेकर :

माझे मत थोडे बदलले आहे, असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. नियम पाळावा, हे मी अजूनही म्हणेन. पण नऊला शाळा भरवणे आणि नऊपर्यंत फाटक बंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

पाटीपेन्सिल :

बैठक झाली. अडीच तास चालली आणि ठरले ते पुढीलप्रमाणे आहे.

शाळेची वेळ नऊचीच राहील. फाटक मात्र आठला उघडेल आणि आठ ते नऊ या वेळात काहीही शिकवले जाणार नाही. या अटीवर शिक्षकांचा आग्रह होता आणि तो मला पटला, कारण एकदा शिकवणे सुरू झाले की ती आठची शाळा होईल. वाचनाची पेटी आणि दोन सतरंज्या व्हरांड्यात ठेवायच्या, दोन पालकांनी पाळीने बसायचे. पहिल्या महिन्याच्या पाळ्यांत सात नावे आली आहेत. सहा आया आणि एक वडील. त्या वेळेचे मानधन कोणाला आणि कोणत्या शीर्षाखाली द्यायचे, हा प्रश्न निघाला आणि अनुत्तरित राहिला. तूर्त कोणालाच द्यायचे नाही, असे झाले आहे, म्हणजे पुन्हा एकदा बायकांनी फुकट करायचे काम वाढले. ही माझी तक्रार मी इतिवृत्तात लिहून घेतली आहे.

सीनाकाठ गुरुजींचा हिशेब मी फळ्यावर मांडला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा तपासला. त्यातून असे निघाले की माध्यमिक शाळेचे दोन वर्ग सव्वाबाराऐवजी दीडला आपापल्या खोल्यांत आणता येतील, कारण त्या वर्गांचे पहिले दोन तास चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचे आहेत व ते सभागृहात घेता येतात. त्यामुळे पहिली आणि दुसरी व्हरांड्यातून आत येईल. तिसरी आणि चौथीचे अजून काही जमलेले नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की दोन शाळांची ही गर्दी आपोआप संपते, पण आहाराचा घोटाळा सुरू होतो : डबे अकराला येतात आणि सव्वाअकराला मुले सुटतात, म्हणजे मुले जेवायला थांबत नाहीत आणि भात उरतो. डबे सव्वादहाला यावेत असे पत्र द्यायचे ठरले आहे.

खडूबाईंचा ठराव कोणत्याही चर्चेशिवाय मंजूर झाला. तेंदूपान यांचा मुद्दा मांडला तेव्हा बैठकीत शांतता पसरली. दोन आया खाली पाहत होत्या आणि त्यांच्या बाजूला मीही होते, कारण माझी मुलगी विड्या वळत नसली तरी सकाळी धाकट्याला तीच सांभाळते. ठराव काही झाला नाही. आठला फाटक उघडल्यावर कोणती मुले येतात आणि कोणत्या मुली नऊलाच येतात, याची एक साधी वही ठेवायचे बाईंनी स्वतःहून मान्य केले.

खडू :

वही ठेवण्याचे उत्तम केले. एकच विचारते : आठ ते नऊच्या वेळात मुलांना प्यायला पाणी कुठून मिळेल? टाकीची किल्ली शिपाई नऊला आणतो, असे पूर्वी होते.

पाटीपेन्सिल :

अजूनही तसेच आहे, बाई. हे कोणाच्याच लक्षात आले नाही. सोमवारपर्यंत घरचा एक माठ नेऊन ठेवते आणि किल्लीविषयी मुख्याध्यापकांशी बोलते.